माग बंद, पंखे चालू

आत्मकथन म्हातारपणी लिहायचं असतं, असं मला बऱ्याच म्हाताऱ्यांनी सांगितलंय. का म्हणून? तोवर ज्यांच्याशी भांडायचं ते उरत नाहीत, आणि उरतात त्यांना ऐकू येत नाही. मी तिशीच्या आतच लिहून मोकळी होतेय. ज्यांची हरकत असेल त्यांनी माझ्याविरुद्ध पत्रक काढावं, शुद्धलेखन मी तपासून देईन. आणि हे प्रकरण तर आधी लिहायलाच हवं, कारण त्या उन्हाळ्याची गोष्ट आमच्या गल्लीत जो तो आपल्या सोयीनं सांगतो. कुणी सांगतं की मीच राजम्माला रडायला बसवलं, कुणी म्हणतं तात्या सकाळपासून तयारीत होते. सगळं खोटं. खरं मी सांगते, कारण खुर्चीवर उभी मी होते.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या गल्लीत. घराच्या भिंतीला भिंत लावून अंबादासशेठचा कारखाना. कारखाना म्हणजे मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. पत्र्याखाली दोन ओळींत उभे टॉवेलचे माग, वर गरगरणारे पंखे आणि हवेत उडणारा कापूस. नायना, म्हणजे माझे वडील, तिथं माग चालवायचे. अम्मा घरी दाराशी बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळायची. मागांची खटखट भिंतीतून आमच्या घरात यायची, भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या त्या तालावर किणकिणायच्या. ती खटखट आम्हाला आवाज वाटायचीच नाही. ती म्हणजे शांतता. तिच्यावरून बोलायचं म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलायचे, "पच्चीपुलुसू वाढू का?" हे अम्मा अशा आवाजात विचारायची की नवख्या पाहुण्याला वाटावं, घरात मारामारी पेटली. पच्चीपुलुसू म्हणजे चिंचेचं न उकळलेलं सार, वर कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. उन्हाळ्यात भाकरी त्यात बुडवून खाल्ली की अंगातली आग उतरते. हे ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी जगण्यावर मला काही शिकवू नये.

नायनांचे कान मात्र त्या खटखटीनं पार खाल्ले होते. कारखान्यात कुणी तोंडानं बोलत नाही. ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे, उरलेलं हातानं सांगायचं. अंगठा तोंडाकडं नेला की चहा, दोन बोटं झटकन फाकवली की धागा तुटला, नसलेल्या मिशीला पीळ दिला की शेठ येतायत. जेवणाचा डबा द्यायला जाऊन जाऊन ही भाषा मला लिहिण्यावाचण्याच्या आधी आली. पण तिच्यात भाषण करता येत नाही ना! आणि मी तर भाषणावर जगणारी पोरगी. अम्मा विडीवाल्या बायकांच्या सभांना मला घेऊन जायची. त्यांच्या युनियनच्या कार्यालयात माझं अक्षर बघून मला पत्रकं लिहायला बसवलं, तेव्हा मी शाळेत लंगडी खेळायच्या वयाची होते. पत्रकात तीनच गोष्टी लागतात, कोण, काय आणि केव्हापर्यंत. बाकी सगळं पाणी. वक्तृत्वाची बक्षिसं मी पोत्यानं आणली, पण नायनांनी माझं एकही भाषण ऐकलं नव्हतं. माग सोडून येता यायचं नाही, आणि आलेच तर माईकमधून फक्त गुणगुण ऐकू यायची. बक्षीस हातात घेऊन बघायचे, फुंकर मारून त्याच्यावरचा नसलेला कापूस उडवायचे आणि फळीवर ठेवायचे. हे मला सलायचं.

तर त्या वर्षी दहावीचे पेपर देऊन मी रिकामी झाले आणि वाचनालयाच्या दारावर एक कागद बघितला: 'चांगलं जगणं म्हणजे काय? मुलामुलींसाठी उन्हाळी तत्त्वज्ञान शिबिर. सरबताची सोय आहे.' माझं डोकंच फिरलं. बाहेर डांबर वितळतंय, बायका पत्र्याखाली विडीची पानं कातरतायत, आणि हे पंख्याखाली बसून चांगलं जगणं शोधणार! मी निषेध करायला आत गेले. शिवलीला मॅडम, म्हणजे पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आणि सुट्टीला अक्कलकोटला माहेरी आलेल्या तरुण बाई, फळ्यासमोर उभ्या होत्या.

"ये ना, बस," त्या म्हणाल्या. "रागावल्यासारखी दिसतेस."

"दिसत नाही. आहे."

"कुणावर?"

"ह्या विषयावर. ज्यांना नुसतं जगायलाच फुरसत नाही, त्यांना तुम्ही चांगलं जगा म्हणून सांगणार का?"

"छान," मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. "उद्या हाच विषय. तू मांडायचास."

मला पकडलं ते असं. निषेधाला गेलेली बाई शिबिरार्थी म्हणून बाहेर पडली, वर दोन ग्लास सरबत पिऊन.

खरं सांगते, त्या उन्हाळ्याइतकं मी आयुष्यात कधी हसले नाही. आम्ही सगळे पंधरा-सोळाचे, डोक्यात वारं भरलेलं, आणि विचारायला मिळालेले प्रश्न हे एवढे मोठे. दत्ता होता, श्रीपूरचा, वडील साखर कारखान्यात, हा शिकायला मामाकडं. भरभराट म्हणजे काय, पैसा की समाधान की मान, यावर आम्ही घसा सुकवत होतो तर हा शांतपणे म्हणाला, "मॅडम, उसाला फुटवं येत्यात का न्हाई? एक कांडी लावली, बाजूनं धा फुटल्या. मानसाचं बी तसंच की. नुसतं उंच वाढलं म्हंजे काय झालं? फुटवं पायजेत." मॅडम खडू खाली ठेवून त्याच्याकडं बघतच राहिल्या. निखत होती, तिच्या अब्बांचं मंडपाचं दुकान. ती म्हणाली, "मेरे कू दोपहर में सोने दिये तो बस हौ, मैं भरभराट." आणि खरंच बाकावर डोकं टेकून झोपली. त्यावरही आम्ही तासभर वाद घातला: झोपलेला माणूस चांगला जगतोय म्हणायचं की नाही?

सगळ्यांत मोठी लढाई मात्र एकाच प्रश्नावर झाली. मॅडम म्हणाल्या, जुन्या काळी काही शहाण्यांचं म्हणणं होतं, माणसाचं आयुष्य चांगलं झालं की नाही हे तो गेल्याशिवाय सांगता येत नाही. शेवटी काय होईल कुणी बघितलंय? मी ताडकन उठले. "म्हणजे सर्टिफिकेट मेल्यावर? ज्याचं त्याला कधी कळणारच नाही? कसला अन्याय आहे हा!" मी तिथल्या तिथं त्या शहाण्यांच्या निषेधाचा ठराव मांडला. दत्तानं अनुमोदन दिलं. निखत झोपली होती, तिला तटस्थ धरलं.

समारोपाला मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं घरातलं एक माणूस आणायचं, सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवायचं आणि विचारायचं, तुम्ही चांगलं जगताय का? त्याआधी आपण काय शिकलो ते त्यांना चार शब्दांत सांगायचं. माझं माणूस ठरलेलंच होतं. पण नायनांच्या सुट्टीचा वार मॅडमच्या परतीच्या तिकिटानंतर येत होता. म्हणजे पुन्हा तेच. मी भाषण करणार, आणि नायना भिंतीपलीकडं मागातला धोटा बदलत असणार. मी ठरवलं, नायना समारोपाला येत नाहीत ना, समारोप नायनांकडं येईल. कारखान्यासमोरच्या अंगणात लिंबाखाली. आणि तेवढा एक तास माग बंद राहतील. नायनांना माझा आवाज नुसता, खटखटीशिवाय, दोन हातांवरून ऐकू जाईल. कोण, काय, केव्हापर्यंत. मी पत्रक लिहायला घेतलं.

दत्ता आणि निखतला घेऊन मी अंबादासशेठच्या दारात गेले. शेठ म्हणजे शेठ कसले, बनियनवर बसून स्वतः मागाला तेल घालणारा माणूस, नायनांइतकाच बहिरा. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"हे 'नफेखोर' कोण?"

"तुम्ही."

"क्काय?"

"तुम्हीऽऽ!" मी ओरडले.

"बरं. आणि हे 'कामगारांच्या कानांचे मारेकरी'?"

"ते पण तुम्हीचऽऽ!" रस्त्यावरून जाणारा भाजीवाला थांबला.

शेठ आत वळून बायकोला हाका मारायला लागले, "अगं ए, बाहेर ये! माझ्यावर छापून आलंय!" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढं कधी कुणी माझ्याबद्दल लिहिलं नव्हतं पोरी. चार ते पाच. देतो बंद. पण एक अट, मला पुढं खुर्ची पाहिजे. आणि हार. लग्नानंतर मला कुणी हार घातला नाही."

"मारेकऱ्याला हार कायकू घालना पडता?" निखतनं कानात विचारलं. मी म्हटलं, डावपेच असतो.

इथं एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी, जी मला जन्मापासून माहीत होती आणि तत्त्वज्ञानाच्या नादात साफ विसरले होते. आमच्या गल्लीत माग दोन तऱ्हांनी बंद पडतात. लाईट गेली की सगळे एका दमात पडतात, पंखेही थांबतात, आणि पोरं 'गेलीऽऽ' म्हणून ओरडतात. पण गल्लीत कुणी वारलं, तर त्या घराशेजारचा कारखाना आधी थांबतो. ते ऐकून त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. असे एकेक करत सगळे माग मानानं थांबतात, आणि पंखे चालूच राहतात. कुणी सांगावा धाडत नाही. पंखे चालू आणि माग बंद, एवढाच सांगावा. आता अंबादासशेठच्या कारखान्याला एका बाजूला आमचं घर, आणि दुसऱ्या बाजूला नरसय्या तात्यांचं. तात्या गल्लीतले सगळ्यांत म्हातारे, जन्मभर मागांची दुरुस्ती केलेले, आणि त्या उन्हाळ्यात तब्येतीनं जरा तोळामासाच.

ठरल्या दिवशी निखतच्या अब्बांनी खुर्च्या आणि पांढरीशुभ्र बिछायत पाठवली. आम्ही ती लिंबाखाली अंथरली. दत्तानं झेंडूचा हार आणला. त्याची आई श्रीपूरहून आली होती, ती बिछायतीवर पदर सावरून गप्प बसली, कारण तिला वाटलं तत्त्वज्ञानात बोलायचं नसतं. बाकीची मंडळी येऊन अशीच हात जोडून बसली. पुढं खुर्चीत अंबादासशेठ, इस्त्रीच्या सदऱ्यात. निखतनं लांबून बघितलं आणि म्हणाली, "अनू, ये तो मैयत सरीका दिखरा." मी म्हटलं, वेळ नाही, गप्प बस.

चार वाजले. नायनांनी एकेक माग थांबवला. शेवटचा थांबला आणि माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. मी अम्माच्या कातरीचा आवाज ऐकला, पहिल्यांदाच कान देऊन. लिंबावर एक कावळा होता, त्याच्या नख्यांचा आवाज ऐकला. नायना दारात येऊन उभे राहिले, गळ्यावरचा कापूस पुसत. आणि तेवढ्यात शेजारचा कारखाना थांबला. मग पलीकडचा. मग कोपऱ्यावरचा. खटखट एकेक पाऊल मागं सरकत गल्लीच्या टोकाला गेली आणि विझली.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, क्रांती झाली. माझं पत्रक हातोहात गेलं आणि अख्खी गल्ली आपणहून उठली! मी मूठ वर केली, डोळे भरून आले. अजूनही सांगते, तेवढी दोन मिनिटं मी जेवढी चांगली जगले तेवढी नंतर कधी जगले नाही.

मग बायका धावत आल्या, पदर तोंडाला लावून. मागून पुरुष, हात पुसत, टोप्या काढत. "एवरु पोयिंड्रू? कोण गेलं?" कुणीतरी पांढरी बिछायत बघितली, हार बघितला, हात जोडून बसलेली अनोळखी मंडळी बघितली, मग तात्यांचं बंद दार बघितलं. संपलं. राजम्मा, जिच्याशिवाय गल्लीत एकही मयत नीट पार पडत नाही, तिनं सरळ बिछायतीवर बसकण मारली आणि गळा काढला. "तात्या होऽऽ! आता लोणच्याची फोड मागायला रोज माझ्या दारात कोण येणार! गल्लीतल्या लग्नात सगळ्यांच्या आधी जेवून कोण उठणार!" शेजारी बसलेली दत्ताची आईही मुसमुसायला लागली. दत्तानं विचारलं, "आये, तू का रडतीस?" ती म्हणाली, "म्हाईत न्हाई रं, पर मानूस लई चांगला हुता म्हनं."

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम ओठ दाबून, लाल होऊन, आपल्या स्कूटरला धरून उभ्या होत्या. हसू दाबत होत्या हे मला तेव्हा कळलं नाही. माझ्या हातात माझं भाषण होतं, पाठ केलेलं, अलंकारांनी मढवलेलं. ते मी चुरगाळलं, अंबादासशेठना खुर्चीवरून उठवलं आणि वर चढले.

"कुणी मेलेलं नाहीऽऽ! रडणं बंद करा! सगळे जिवंत आहेत! परत सांगते, सगळेऽऽ जिवंऽऽत आहेऽऽत!"

बंद मागांच्या त्या शांततेत माझा आवाज पार मोठ्या रस्त्याला जाऊन आपटला म्हणतात. आणि तेव्हाच तात्यांचं दार उघडलं. उभा जन्म खटखटीत झोपलेला माणूस; ती थांबली म्हणून दचकून जागा झाला होता. लुंगी सावरत बाहेर आले, बिछायत बघितली, हार बघितला, राजम्मा बघितली.

"एवरु पोयिंड्रू?"

राजम्माच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही!"

तात्यांनी थोडा विचार केला. "कधी?"

गल्ली फुटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. अंबादासशेठ हसता हसता बिछायतीवर बसले ते उठेचनात. तात्या मात्र खुर्चीवर येऊन बसले, शेठचा हार उचलून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "राजम्मा, थांबू नकोस. लोणच्याचं झालं, पुढचं सांग."

आणि मग समारोप झाला. आमचा नाही, तात्यांचा. एकेक जण उठून बोलायला लागला. कुणी म्हणालं, तात्यांनी माझा माग सुधारला पण एक शिवी दिल्याशिवाय हात लावला नाही. कुणी म्हणालं, पत्ते खेळताना म्हातारा लबाडी करतो, आज सगळ्यांसमोर सांगतो. तात्या प्रत्येकाला बोट दाखवून, "बस झालं, पुढचा." मॅडमनी डोळे पुसत त्यांना विचारलं, "तात्या, मग तुमचं आयुष्य चांगलं झालं म्हणायचं का?" तात्या म्हणाले, "मला काय विचारता बाई? ह्यांना विचारा. मी तर आत्ता उठलोय." माझ्याकडं बघून मॅडमनी भुवई उडवली. जुन्या शहाण्यांविरुद्धचा माझा ठराव मंजूर झाला होता.

पण तास सरत होता. नायना दारातल्या उंबऱ्यावर बसून हसत होते, बाकी सगळ्यांसारखे, आणि मी अजून त्यांना खुर्चीवर बसवलं नव्हतं. मी गर्दीतून वाट काढत होते तेवढ्यात शेठनी टाळ्या वाजवल्या. "पाच! चला, मेलेला जिवंत झाला, आता माग पण करा!" जबान म्हणजे जबान. नायना उठले, मान डोलावून आत गेले. पहिला माग सुरू झाला, दुसरा, तिसरा. ते ऐकून शेजारचा, कोपऱ्यावरचा, आणि खटखट पुन्हा गल्लीभर पसरली. ती ऐकताच तात्या हारासकट खुर्चीत गाढ झोपले. त्यांची सून विडी कारखान्यातून उशिरा धावत आली, सासऱ्याची मान कललेली बघितली आणि तिनं जो हंबरडा फोडला, त्याची जबाबदारी मी घेत नाही.

मी कारखान्याच्या दारात गेले. मागांपलीकडं नायना धोट्यात सुताची कांडी भरत होते. तिथं भाषण चालत नाही, अलंकार चालत नाहीत. मी हात हलवून त्यांचं लक्ष वेधलं आणि आवाज न काढता, ओठ सावकाश हलवत विचारलं, "नायना, तुम्ही चांगलं जगताय का?"

नायनांनी ओठ वाचले. धोटा मागात सरकवला, मूठ ओढून माग चालू केला. मग माझ्याकडं वळून स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि ओठ हलवले. "सगळे जिवंत आहेत म्हणालीस ना? ऐकलं मी, बिड्डा. सगळं ऐकलं." बिड्डा म्हणजे लेकरू. त्यांनी त्याच बोटावरून माझ्या दिशेला एक फुंकर मारली, बक्षिसावरचा कापूस उडवायचे तशी, आणि पुढच्या मागाकडं वळले.

मॅडम मागून येऊन उभ्या होत्या. "काय म्हणाले गं?" त्यांनी विचारलं. मी ओरडून सांगितलं, तीनदा सांगितलं. मागांच्या आवाजात त्यांना एक अक्षर कळलं नाही.